आठ पाकळ्यांचे फूल

पहिली-दुसरीतल्या मुलाच्या हातात कागदाची एक गोल चकती आणि बोथट टोकाची कात्री द्या आणि म्हणा, "याचं फूल कर." ते चकती अर्धी दुमडेल, पुन्हा अर्धी दुमडेल आणि तिसऱ्यांदाही अर्धीच दुमडेल. मग कडेला गोलाकार कापेल आणि घडी उलगडेल. फुलाला आठ पाकळ्या असतील.

आता त्याच मुलाला अंगणात न्या आणि आठ पाकळ्यांचे फूल शोधायला सांगा. सदाफुली, तगर, जास्वंद, कण्हेर, पांढरा चाफा, धोतरा, गुलमोहर या सगळ्यांत पाच. लिली आणि निशिगंधात सहा. लाल गुच्छाच्या एक्झोऱ्याला चार, मोहरीच्या आणि मुळ्याच्या फुलालाही चार. झेंडूत इतक्या की मोजणाराच दमावा. आठ मात्र सहसा सापडत नाहीत. मग हे आठ पाकळ्यांचे फूल मुलांच्या हातात आले कुठून?

प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षे शिकवले. त्यातली बरीच वर्षे कार्यानुभवाचा तास माझ्याकडे होता. वेळापत्रकातला तो सर्वांत गरीब तास. गणिताचा धडा राहिला, सहलीची वर्गणी गोळा करायची आहे, स्नेहसंमेलनाची तालीम आहे, की पहिला बळी त्याचा. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे शनिवारी दुपारी साताऱ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर आसपासची दहा-बारा मुले जमतात आणि आम्ही घरात पडलेल्या वस्तूंपासून फुले करतो. कोणत्या मुलाने काय केले आणि काय विचारले हे मी वहीत लिहून ठेवते. हा लेख त्या वह्यांतून निघाला आहे. त्यात एक जुना हिशेबही आहे. तो मला मांडायलाच हवा.

कागदाचे स्वतःचे गणित

आठ हा आकडा मुलाचा नसतो. तो कागदाचा असतो. कागद अर्ध्यात दुमडणे ही हाताला येणारी पहिली घडी. कडेवर कड ठेवली की झाले, मोजावे लागत नाही. दोन, चार, आठ असे भाग पडत जातात. चौथी घडी घातली तर सोळा पदर होतात आणि लहान मुलाची कात्री तिथे अडते. म्हणून गाडी आठवर थांबते.

कागदाच्या घडीत गणित असते, हे फार पूर्वीच ओळखले गेले होते. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. ठोकळे, काड्या, विणकाम यांच्याबरोबर कागदाच्या घड्यांनाही तिथल्या शिक्षणात जागा होती. हे साहित्य जगभर पसरले, मद्रासलाही पोचले. तिथे टी. सुंदर राव यांनी त्यातल्या कागदाच्या घड्या पाहिल्या आणि त्यांतून सुचलेले भूमितीचे एक पुस्तक १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. कंपास-पट्टीने ज्या आकृत्या काढायच्या त्यांतल्या कितीतरी नुसत्या घड्यांनी निघतात, हे त्यांनी इंग्रजीत लिहून दाखवले. मुलांच्या खेळण्यातून निघालेले हे पुस्तक पुढे परदेशातल्या गणितज्ञांनीही उचलून धरले.

पाच हा आकडा कागदाला अवघड जातो. वर्तुळाचे पाच सारखे भाग करायचे तर प्रत्येक भाग ७२ अंशांचा, आणि अर्धे-अर्धे करत तिथे कधीच पोचता येत नाही. आमच्या ओट्यावर आम्ही पाचाची घडी अशी घालतो. चकती अर्धी दुमडायची. सरळ कड आपल्याकडे ठेवायची. त्या कडेचा मध्य बोटाने दाबून धरायचा आणि उजवी बाजू डावीकडे वळवायची. किती वळवायची? डावीकडे उघडी राहिलेली पाचर ही वळवून आणलेल्या पाचरीच्या निम्मी दिसेल इतकी. मग ती उघडी पाचर वळवलेल्या भागावर दुमडायची. आता हातात एकच रुंद पाचर राहते. तिच्या वरच्या कडेला कमान कापली की उलगडल्यावर पाच पाकळ्या. पट्टी नको, कोनमापक नको. 'निम्मी' हे डोळ्याने ठरवायचे असते. पहिल्या दोन-तीन चकत्या बिघडतात, चौथीला जमते. रद्दीचे वर्तमानपत्र असल्यामुळे बिघडण्याची किंमत शून्य आहे. विकतच्या रंगीत कागदावर हेच करायला सांगितले तर मुले घाबरत घाबरत दुमडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पाचाची आणखी एक गंमत आहे. कागदाची लांब, सारख्या रुंदीची पट्टी घ्या. दोरीला मारतो तशी तिला साधी गाठ मारा आणि हळूहळू ओढत गाठ सपाट करा. गाठीचा आकार नेमका पंचकोन होतो. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या पट्टीवरही हे होते. पहिल्यांदा ज्या मुलाच्या हातात तो पंचकोन तयार होतो, ते मूल गाठ सोडून पुन्हा मारून बघतेच. कागदात पाच नाहीत असे आपण म्हणतो, पण ते गाठीत दडून बसलेले असतात.

जास्वंदीचा हिशेब

आता तो जुना हिशेब. गोष्ट साधारण वीस वर्षांपूर्वीची. शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन होते, बाहेरून पाहुणे यायचे होते. तिसरीतल्या एका मुलीने पतंगी कागदाची लाल जास्वंद केली होती. शाळेच्या वाटेवर एका अंगणात जास्वंदीचे झाड होते, तिथे ती रोज थांबून बघायची. तिच्या फुलाला पाच पाकळ्या होत्या. पण प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली आणि दुसरी कड पलीकडच्या पाकळीखाली खुपसलेली. त्यामुळे सगळे फूल भिंगरीसारखे एका बाजूला फिरल्यागत दिसत होते. मला ते वाकडे वाटले.

शाळा सुटल्यावर मी ते फूल उसवले. पाकळ्या सरळ करून चिकटवल्या. मधल्या फटी दिसू लागल्या म्हणून आणखी तीन पाकळ्या कापून भरल्या. पाच आणि तीन आठ. फूल छान भरगच्च झाले. दुसऱ्या दिवशी त्याला पहिला क्रमांक मिळाला, कंपासपेटी बक्षीस होती. नाव पुकारले तरी मुलगी जागची उठली नाही. नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, ते माझं नाही. माझं फूल कुठे टाकलंत?"

"अगं, तुझंच आहे. मी फक्त नीट केलं," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. त्या वर्षी उरलेल्या प्रत्येक कार्यानुभवाच्या तासाला ती खळीची वाटी धरून बसायची, इतरांना कागद द्यायची. स्वतः तिने काही केले नाही. मीही फारसे मनावर घेतले नाही. चौथी झाल्यावर ती दुसऱ्या शाळेत गेली.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी, गणपतीत पूजेची फुले काढताना, माझ्या हातात एक अर्धवट उमललेली जास्वंदीची कळी आली. तिच्या पाकळ्या छत्री मिटून पीळ द्यावा तशा गुंडाळलेल्या होत्या. शेजारचे पूर्ण उमललेले फूल मी जवळून पाहिले. प्रत्येक पाकळीची एक कड वर होती आणि एक कड खाली. पाचही पाकळ्यांचे तेच. फूल एका बाजूला फिरल्यासारखे दिसत होते. त्या मुलीने केले होते तसेच. मी आयुष्यभर देवाला जास्वंद वाहिली होती, वर्गात फुलाचे भाग शिकवले होते, निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग फळ्यावर लिहिले होते. पण पाकळीची कड कुठे जाते हे मी पाहिले नव्हते. तिने पाहिले होते आणि मी ते उसवून टाकले होते.

शेवटची पाकळी

पाकळ्यांच्या या पिळाकडे शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिले आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत टी. ए. डेव्हिस यांनी माडाच्या पानांची मांडणी डावीकडे फिरते की उजवीकडे याचा अभ्यास केला आणि जास्वंदीच्या कुळातल्या फुलांचा पीळही मोजला. जास्वंदीत एकाच झाडावर डावे फूलही सापडते आणि उजवेही. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या मुलांनी एका पावसाळ्यात रोज सकाळी उमललेली फुले पाहून भिंतीवर खडूने दोन रकान्यांत रेघा मारल्या. दोन्ही रकाने भरत गेले. मग त्यांनी सदाफुलीकडे मोर्चा वळवला. तिथे सगळ्या फुलांचा पीळ एकाच दिशेचा निघाला आणि एक रकाना कोराच राहिला. तो कोरा का राहिला, यावर पुढचे दोन शनिवार वाद चालला.

जास्वंद करायची आमची रीत सांगते. पाच पाकळ्या. वरून रुंद, खाली निमुळत्या, तळहाताएवढ्या. लाल पतंगी कागद नसेल तर मिठाईच्या किंवा साडीच्या खोक्यातला पातळ कागद, तोही नसेल तर वर्तमानपत्र रंगवून. प्रत्येक पाकळीला पंख्यासारख्या बारीक चुण्या पाडून उलगडायचे म्हणजे शिरा दिसतात. देठाला खराट्याचा हीर. हिराच्या टोकाला लाल लोकरीची पाच बारीक टोके बांधायची, त्या फुलाच्या पाच कुक्षी. त्यांच्या खाली दोन-तीन बोटे लांबीवर खळ लावून हळद चोळलेला रवा चिकटवायचा, हे पराग. मग पाकळ्या एकेक करून दोऱ्याने आवळायच्या, प्रत्येक नवी पाकळी आधीच्या पाकळीच्या एका कडेवर ठेवत.

चार पाकळ्या सहज बसतात. खरा प्रश्न पाचवीचा. ती तशीच वर चिकटवली तर तिच्या दोन्ही कडा वर राहतात आणि पीळ मोडतो. तिची एक कड चौथीवर ठेवून दुसरी कड पहिल्या पाकळीच्या खाली सरकवावी लागते, आणि त्यासाठी पहिली पाकळी थोडी सैल ठेवलेली असावी लागते. म्हणजे शेवटच्या पाकळीचा विचार पहिल्या पाकळीच्या वेळीच करायचा. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सांगून कळत नाही. दोन फुले बिघडली की कळते. तिसऱ्या फुलाच्या वेळी ते स्वतःच पहिली पाकळी सैल धरते.

देठाशी पाच टोकांची हिरवी टोपी लावायची आणि तिच्या खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचे आणखी एक कडे. हे दुसरे कडे मुले विसरतात. खरे फूल उलटे करून दाखवले की आश्चर्याने बघतात, कारण फूल उलटे करून पाहायचे असते हेच कुणी सांगितलेले नसते. त्याच दिवशी स्वयंपाकघरातून एक भेंडी आणून आडवी कापायची. आत साधारण पाच कप्पे दिसतात. त्या कापाला रंग लावून कागदावर ठसा उमटवला की पाच पाकळ्यांचे फूल तयार. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. भेंडीच्या पिवळ्या फुलातही पाच पाकळ्या आणि तोच पीळ असतो. भाजीवाल्या मावशींच्या पाटीत आणि देवघरातल्या तबकात एकच आकडा आहे, हे मुलांना फार आवडते.

झेंडू आणि इतर आकडे

झेंडूला पाकळ्या मोजत बसायचे नसते. वर्तमानपत्राची तीन बोटे रुंदीची लांब पट्टी घेऊन तिची एक कड झालरीसारखी कातरायची आणि पट्टी गुंडाळायची. गुंडाळी खाली बांधून वर फुलवली की झेंडू. ही सर्वांत सोपी रीत, चार वर्षांच्या मुलालाही जमते. योगायोग असा की ती खऱ्या झेंडूच्या बरीच जवळ जाते. झेंडू हे एक फूल नसून पुष्कळ चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. दसऱ्याचे तोरण सुकल्यावर एक फूल सोडवून पाहा. प्रत्येक 'पाकळी'च्या बुडाशी काळी, काडीसारखी बी असते, कारण ती पाकळी म्हणजे स्वतंत्र फूल आहे. आमची मुले त्या बिया कुंडीत टाकतात आणि झालरीच्या प्रत्येक कातरीला 'एक फूल' म्हणतात.

हळूहळू आमच्या लक्षात आले की घरातल्या प्रत्येक वस्तूचा आपला आकडा आणि आपला स्वभाव असतो. अंड्यांच्या ट्रेचा खळगा कापला की चार कोपरे येतात, म्हणून त्याचे फूल चार पाकळ्यांचे. एक्झोरा करायला ते उत्तम. पिस्त्याची टरफले होडीसारखी वळलेली असतात, ती कमळाकडे ओढ घेतात. एके काळी घरोघरी शोकेसमध्ये पिस्त्याच्या टरफलांची आणि स्टॉकिंगची फुले असत, ती आठवा. मक्याच्या कणसाची साल पाण्यात भिजवली की कापडासारखी वळते आणि वाळली की वळवलेला आकार धरून ठेवते. तिच्या शिरा एकमेकींना समांतर असतात, म्हणून लिलीची पाने तिच्यातून हुबेहूब होतात. जास्वंदीची पाने मात्र होत नाहीत, कारण तिथे शिरांची जाळी लागते. कांद्याची साल कोरडी असताना बोट लावताच तुटते. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की नरम पडते. तिचा रंग रंगवून येणार नाही असा असतो.

कागदालाही अंग असते. वर्तमानपत्र वरून खाली फाडा, सरळ फाटते. आडवे फाडा, वेडेवाकडे फाटते, कारण कागदातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात. पाकळी ज्या दिशेने वळवायची ती दिशा या तंतूंशी जुळली नाही तर कागद मोडतो. क्रेप कागदाच्या सुरकुत्या पाकळीत उभ्या ठेवून दोन्ही अंगठ्यांनी मध्यभागी आडवे ताणले की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. सुरकुत्या आडव्या ठेवल्या तर पाकळी नुसती लांब होते.

रंगांसाठी स्वयंपाकघर पुरते. हळदीचे पाणी पिवळे. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की डोळ्यादेखत तांबूस होते, मुले हे दहा वेळा करायला लावतात. बीटाचा रस गुलाबी. हे रंग उन्हात उडतात हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर पुढच्या शनिवारी रडारड होते. चिकटवायला मैद्याची खळ: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर काचेसारखा पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचा. आच मोठ्यांनी सांभाळायची. पूर्वी पुस्तक बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या खळीत अजिबात घालू नये. दोन दिवसांत संपेल एवढीच खळ करावी.

स्वस्त साहित्याची परंपरा

घरातल्या टाकाऊ वस्तू वापरायच्या त्या पैसे नाहीत म्हणून, असा एक समज आहे. आपल्याकडच्या शिक्षणातल्या जाणत्या माणसांनी तो समज खोटा पाडला आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळले. माँटेसोरी पद्धतीचे महागडे साहित्य आदिवासी पाड्यावर नेता येत नव्हते, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांतून साहित्य उभे केले. त्यात तडजोड नव्हती. मूल ज्या वस्तूंमध्ये वाढते त्याच वस्तूंनी ते विचार करू लागते, ही समज त्यामागे होती. पुढे अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली आणि पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून कचऱ्यातली खेळणी घराघरात पोचवली.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव हा शिक्षणाचा भाग असावा असे सांगितले. कागदावर तो आला. प्रत्यक्षात मुलांच्या वस्तू आया करू लागल्या. आज तर तयार संच मिळतात. कापलेल्या पाकळ्या, चिकटपट्टी, मागे छापलेले चित्र. मुलाने चित्राप्रमाणे चिकटवायचे. असा संच वाढदिवसाला आला की आमच्या ओट्यावरची मुले तो अर्ध्या तासात संपवतात आणि मग विचारतात, "आता काय करू?" वर्तमानपत्र संपले असे अजून कुणी म्हटलेले नाही.

हात मांडीवर

या सगळ्यात अवघड काम मोठ्यांचे आहे. मूल धडपडत असताना मदत न करता बसून राहायचे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने मुलांच्या चित्रवाढीवरच्या १९४७ सालच्या पुस्तकात रंगवण्याच्या तयार चित्रांना आणि मुलांच्या चित्रात मोठ्यांनी हात घालण्याला ठाम विरोध केला होता. बी.एड.ला हे मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तरी ती जास्वंद मी उसवलीच.

आता माझे काही नियम आहेत. नमुना आधी करून दाखवायचा नाही, नमुन्याच्या जागी खरे फूल ठेवायचे. मुलाने "हे असं का होतंय?" विचारले तर उत्तर न देता फुलाकडे बोट दाखवायचे. हाताची युक्ती मात्र लपवायची नाही. पाचाची घडी, खळ, दोऱ्याची गाठ ही हत्यारे आहेत, ती उघडपणे शिकवायची. पण कुठली पाकळी कुठे, हे मुलाने ठरवायचे. कुठल्याच फुलाला क्रमांक द्यायचा नाही. आणि मुलाच्या हातातल्या वस्तूला आपला हात लावायचा नाही. यासाठी मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते. मुले माझी नक्कल करतात, "बाई हात बांधून बसल्यात."

पालकांना हे पटायला वेळ लागतो. एक आजोबा नातवाचे फूल पाहून म्हणाले, "बाई, याचं तर गळतंय सगळं. तुम्ही शिकवत नाही का?" मी त्यांना पुढच्या शनिवारी बोलावले आणि त्यांच्याही हातात चकती दिली. त्यांनी आठ पाकळ्यांचे फूल केले. नातवाने त्यांना पाचाची घडी शिकवली. आता ते नियमित येतात आणि खळ त्यांच्याकडे आहे.

पारिजातक

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एक मुलगा सकाळी सातलाच दारात उभा राहिला. ओंजळीत पारिजातकाची फुले होती. "बाई, तुम्ही म्हणता आठ पाकळ्यांचं फूल नसतं. हे मोजा."

मी मोजल्या. आठ. पुढचे फूल सात पाकळ्यांचे. मग सहा, पुन्हा सहा, एक पाच. पारिजातकाला पाचपासून आठपर्यंत कितीही पाकळ्या असू शकतात. झाड एकच, पण फुलांचे आकडे वेगवेगळे. इतकी वर्षे मी सडा वेचला होता, एकदाही मोजले नव्हते. ताटात आम्ही पाच, सहा, सात, आठ असे चार ढीग केले. मी वही उघडली, 'आठ पाकळ्यांचे फूल अंगणात नसते' या ओळीवर काट मारली आणि खाली तारीख घातली.

दुपारी त्याने कागदाचा पारिजातक केला. पांढऱ्या वहीच्या पानाच्या पाकळ्या. देठासाठी कागदाची बारीक सुरळी, हळद आणि सोड्याच्या पाण्यात बुडवून केशरी केलेली. पाकळ्या त्याने सात ठेवल्या. आठ का नाहीत, असे मी विचारले. तो म्हणाला, "आठचं मिळालं होतं, पण हे मी सातवालं बघून करतोय."

या सुट्टीत आपल्या घरी मुले असतील. फराळाचे डबे भरून झाले की वर्तमानपत्र, कात्री, वाटीभर खळ आणि अंगणातले किंवा बाजारातून आलेले एक खरे फूल मध्ये ठेवा. फूल उलटे करून बघा. पाकळ्या मोजा, कडा बघा. मग मुलांना करू द्या आणि आपले हात मांडीवर ठेवा.

त्या मुलाचा पारिजातक माझ्या टेबलावर आहे. हळद उडून देठ आता फिकट झाला आहे आणि एक पाकळी जरा लोंबते. मी तिला हात लावलेला नाही.